पेटी उघडण्याचा हक्क कोणाचा?

महिन्याभरापूर्वी एक समाजबांधव आमच्या कार्यालयात आले. धंद्याने वायरमन. सोबत नववीत शिकणारी मुलगी. मुलीच्या हातात चपलांचे रिकामे खोके आणि खोक्यात जुन्या रुमालात गुंडाळलेला एक छोटासा बोर्ड. झिरो पीसीबीवर सोल्डर केलेले तीन आयआर सेन्सर, एक एलएम ३२४ आयसी, तीन प्रीसेट. काळ्या पट्टीवरून आपोआप धावणाऱ्या गाडीचे हे डोळे. बापाकडून सोल्डरिंग शिकून पोरीने ते स्वतः बनवले होते. शाळांच्या एका रोबोट स्पर्धेत ती गाडी घेऊन गेली. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने बोर्ड उलटून पाहिला आणि सांगितले, किटच्या बाहेरचे इलेक्ट्रॉनिक्स चालणार नाही. गाडी बाद.

बापाचा प्रश्न सरळ होता. "वकीलसाहेब, पोरीनं स्वतःच्या हातानं बनवलं म्हणून बाहेर काढलं. केस होते का?"

केस होत नाही. स्पर्धा खाजगी, प्रवेश ऐच्छिक, माहितीपत्रकावर एका ओळीत तो नियम छापलेला आणि खाली पालकाची सही. आम्ही तसे सांगितले. उठता उठता मुलगी म्हणाली, "का चालत नाही, ते मात्र कुणीच सांगितलं नाही, सर." या वाक्याने आम्हाला गप्प केले. बापाच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर होते. मुलीच्या प्रश्नाला नव्हते. तेव्हा आम्ही जगातल्या मोठ्या विद्यार्थी रोबोट स्पर्धांचे नियम मागवून वाचले. वकिलाला कलमे वाचण्याची सवय असते, पण ही कलमे वाचताना आम्हाला वारंवार आपल्याच इतिहासाची आठवण झाली. ती का झाली, ते वाचकांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ संघ होते. आज तिच्या हायस्कूल गटाच्या मुख्य स्पर्धेत तीन हजारांहून अधिक संघ उतरतात. दर जानेवारीच्या सुरुवातीला नवा खेळ जाहीर होतो आणि त्यासोबत शंभराहून अधिक पानांची नियमपुस्तिका निघते. एकेक रोबोट पन्नास किलोच्या वर. एका सामन्यात असे सहा रोबोट, तीन विरुद्ध तीन, एकाच मैदानात धडका देत फिरतात. बारा व्होल्टची बॅटरी, पण प्रवाह एवढा मोठा की मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा लावावा लागतो. ज्याने कधी कारच्या बॅटरीवर पाना पडलेला पाहिला आहे त्याला यातला धोका वेगळा सांगायला नको.

आता या पुस्तिकेत विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या सर्किटबद्दल काय म्हटले आहे? त्याला तेथे 'कस्टम सर्किट' म्हणतात. नियमाचा गाभा असा की कस्टम सर्किट लावायला परवानगी आहे, मात्र बॅटरी, वीजवाटपाची पेटी, मोटर चालवणारा कंट्रोलर आणि मोटर यांना जोडणाऱ्या वीजमार्गात त्याने ढवळाढवळ करायची नाही. व्होल्टेज मोजायचे आहे, प्रवाह मोजायचा आहे? मोजा, पण मोजल्यामुळे रोबोटच्या चालण्यावर परिणाम होता कामा नये. सेन्सर लावा, दिवे लावा, कॅमेऱ्याची चित्रे समजून घेणारा जादा संगणक लावा. मैदानात स्वतःचा वायरलेस मात्र चालू करायचा नाही, कारण सहा रोबोट एकाच जागी आहेत आणि एकाच्या लहरींनी दुसऱ्याचा रोबोट बहिरा होऊ शकतो.

मोटरच्या वाटेत हात का घालायचा नाही? कारण मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसाने 'थांबा' म्हटले की रोबोट थांबलाच पाहिजे. थांबण्याची ती आज्ञा मुख्य कंट्रोलरमधून मोटरच्या कंट्रोलरकडे जाते. मध्ये कोणाचे घरगुती सर्किट बसले आणि ते अडकले, तर पन्नास किलोचे धूड थांबणार नाही आणि समोर कोणाचे तरी लेकरू उभे असेल. हा नियम आम्ही चार वेळा वाचला. त्यात बंदी आहे, पण बंदीला कारण आहे, आणि कारण जेवढे तेवढीच बंदी आहे. शिवाय या पुस्तिकेत नियमांसोबत निळ्या चौकटी छापलेल्या असतात. नियमामागचा हेतू काय, ते त्यात लिहिलेले असते. चौकट आणि नियम यांत विसंगती आली तर नियम वरचढ, हेही स्पष्ट केले आहे. शंका आली तर संघ लेखी प्रश्न विचारतात आणि उत्तर सर्वांना दिसेल असे दिले जाते. एखादा कायदा इतका स्वच्छ असता तर आमच्या व्यवसायातील निम्मे लोक घरी बसले असते.

तपासनीसाच्या हातात मल्टिमीटर असतो. रोबोटचा सांगाडा आणि बॅटरीची टोके यांत ठरावीक ओहमपेक्षा जास्त रोध दिसलाच पाहिजे, म्हणजे वीज सांगाड्यात उतरलेली नाही याची खात्री होते. अलीकडच्या हंगामांत हा आकडा १२० ओहम आहे. आकडा छापलेला आहे, मोजणारे यंत्र समोर आहे, कोणीही पाहावे. 'मला वाटते' याला तेथे जागा नाही. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या बोर्डाला कोणी मल्टिमीटर लावला होता काय? पाच व्होल्टवर चालणारे तीन सेन्सर कोणाचा जीव घेणार होते?

याचा अर्थ अमेरिकेतले सर्व काही आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याच पुस्तिकेत मोटर आणि मोटर कंट्रोलर यांची ठरलेली यादी असते. यादीबाहेरचे लावायचे नाही. विद्यार्थ्याने स्वतः मोटर कंट्रोलर बनवला, तो उत्तम चालला, तरी तो मैदानात येत नाही. सुरक्षेसाठी हे एक वेळ मान्य करू. पण यादीत नवे नाव चढते ते कंपनीच्या मालाचे. पोराने आपला कंट्रोलर कोणाकडे नेऊन तपासून घ्यावा, अशी वाट आम्हाला त्या पुस्तिकेत सापडली नाही. शिवाय मुख्य कंट्रोलर एकाच ठरलेल्या बनावटीचा. २००९ मध्ये तो बदलला, २०१५ मध्ये पुन्हा बदलून 'रोबोरिओ' आला, आणि जुन्या पेट्या स्पर्धेपुरत्या निकामी झाल्या. ज्या शाळेने वर्गणी काढून जुनी पेटी घेतली तिला पुन्हा दारोदार फिरावे लागले असणार, हे सांगायला अमेरिकेत जायला नको. या स्पर्धेत उतरायचे शुल्कच सुमारे सहा हजार डॉलर आहे. पूर्वी संपूर्ण रोबोटच्या खर्चाला कमाल मर्यादा होती, ती पुढे गेली; एका सुट्या वस्तूच्या किमतीवरची तेवढी राहिली, अलीकडे सहाशे डॉलर. सहाशे डॉलरची एक वस्तू आणणारा तशा वीस वस्तू आणू शकतो.

येथेच कस्टम सर्किटच्या परवानगीचे मोल कळते. रोबोटला समोरचे लक्ष्य ओळखायला लावणारा तयार कॅमेरा तिकडे सुमारे चारशे डॉलरला मिळतो. श्रीमंत शाळेने तो घ्यावा, जोडावा, झाले. पण २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्याच्या डावाएवढा संगणक ३५ डॉलरला बाजारात आला. त्याला साधा कॅमेरा लावून आणि लोकांनी मिळून लिहिलेली फुकट प्रणाली घालून बरेचसे तेच काम करता येते. नियमाने हे चालू दिले म्हणून गरीब संघाला एक दार मिळाले. पैसा नाही त्याने मेहनत घालावी आणि पैसेवाल्याच्या शेजारी उभे राहावे, ही सोय त्या एका कलमात आहे. ते कलम काढा, 'तयार वस्तूच लावा' म्हणा, आणि दार बंद.

काही स्पर्धांनी ते बंद ठेवले आहे. 'व्हेक्स' या स्पर्धेच्या शालेय गटात विद्युत भाग त्याच कंपनीचे लागतात. तारा तेवढ्या स्वतः कापून टोके लावायला मुभा आहे. विद्यापीठ गटात मात्र मुख्य पेटी कंपनीची ठेवून सेन्सर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स हवे ते लावता येते. समर्थक म्हणतात, शाळेतील मुलांना समान साहित्य दिले की स्पर्धा समान होते, पैसेवाल्याला महागडे सर्किट बनवून घेता येत नाही, आणि तपासणाऱ्या स्वयंसेवकालाही शंभर प्रकारची सर्किटे समजून घ्यावी लागत नाहीत. हा युक्तिवाद आम्ही झटकून टाकत नाही. सर्किट 'मुलांनी बनवले' म्हणून आणायचे आणि प्रत्यक्षात ते बापाच्या कंपनीतल्या इंजिनिअरने बनवलेले असायचे, हे प्रकार होतात. तपासणारा स्वयंसेवक बिचारा रविवार घालवून आलेला असतो, हेही खरे.

पण समान पेटी म्हणजे समानता, हे गृहीत धरायला आम्ही तयार नाही. पेटी समान असते, पेटीची किंमत दोन घरांना समान नसते. एका घरात ती महिन्याच्या खर्चात दिसतही नाही, दुसऱ्या घरात ती वर्षभराची फी असते. एकाकडे पेटी जळली तर दुसरी तयार असते, दुसऱ्याकडे जळली तर स्पर्धा संपली. कायद्यापुढे सर्व समान असे म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत, पुढची कलमेही त्यांनी घटनेत आणली. ती का आणावी लागली हे चळवळीच्या वाचकाला आम्ही सांगण्याची गरज नाही.

शाळकरी पोरांना हे जमत नाही, या समजाला उत्तर २००४ मध्येच मिळाले आहे. ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन नावाची सरकारी शाळा आहे. विद्यार्थी बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतले. ऑस्कर वाझकेझ, क्रिस्टियन आर्सेगा, लोरेन्झो सांतिलन आणि लुईस अरांदा ही चार मुले, कोणाकडेही अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत. फ्रेडी लाजवार्दी आणि ॲलन कॅमरन या दोन शिक्षकांनी त्यांना पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटच्या 'मेट' स्पर्धेत उतरवले. ही स्पर्धा कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात झाली. मुलांनी शालेय गट सोडून वरचा गट निवडला, जेथे समोर एमआयटी होती. हरलो तरी मोठ्यांकडून हरू, हा हिशेब.

त्यांच्या रोबोटचा सांगाडा प्लंबर वापरतो त्या पीव्हीसी पाइपचा. खर्च सुमारे ८०० डॉलर. एमआयटीच्या रोबोटचा सुमारे ११ हजार. पाइप चिकटवण्याच्या गोंदाला एवढा वास येई की पोरांनी रोबोटचे नावच 'स्टिंकी' ठेवले. आता मुद्द्याचे ऐका. स्पर्धेच्या जागी पोचल्यावर सरावात कळले की इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद खोक्यात पाणी झिरपते आहे. पाणी सर्किटला लागले की सगळे संपले. पुन्हा सोल्डरिंग करून खोके बंद करायला हातात एक रात्र. आत शोषून घेणारे काहीतरी हवे होते. लोरेन्झो दुकानात गेला आणि बायका पाळीच्या वेळी वापरतात ते टॅम्पॉन घेऊन आला. ते खोक्यात कोंबले. सर्किट कोरडे राहिले. एकूण विजेतेपद कार्ल हेडनला, दुसरा क्रमांक एमआयटीला.

त्या स्पर्धेने 'सर्वांनी आमचीच सीलबंद पेटी वापरा' असा नियम केला असता तर काय झाले असते? पेटी गळली नसती, हे मान्य. पण पेटी उघडून ती कशी कोरडी ठेवायची हेही कोणाला शोधावे लागले नसते आणि परीक्षकांपुढे उभे राहून आपल्या सर्किटची प्रत्येक तार समजावून सांगण्याची वेळही या मुलांवर आली नसती. तोंडी परीक्षेत ती समजावून सांगितली म्हणूनच ती जिंकली. पुढचे मात्र ऐकायला कडू आहे. २००६ मध्ये ॲरिझोनात जनमताने असा कायदा झाला की कागद नसलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिकांच्या सवलतीच्या फीमध्ये सरकारी विद्यापीठात शिकता येणार नाही. ऑस्कर वाझकेझ पदवीधर झाला, २००९ मध्ये स्वतःहून मेक्सिकोत परत गेला, २०१० मध्ये त्याला परतण्याची परवानगी मिळाली आणि २०११ मध्ये तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. स्पर्धेच्या नियमाने जे दार उघडे ठेवले होते ते राज्याच्या कायद्याने बंद केले. म्हणून आम्ही नियमांबद्दल एवढे बोलतो आहोत.

सीलबंद किटवर सगळे अवलंबून ठेवले की काय होते, याचे दुसरे उदाहरण अफगाणिस्तानच्या हेरातमधील मुलींचे. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला 'फर्स्ट ग्लोबल' स्पर्धा झाली. प्रत्येक देशाच्या संघाला सारखेच साहित्य पाठवलेले. या मुलींचा व्हिसा दोनदा नाकारला गेला, शेवटी वरून हस्तक्षेप झाल्यावर मिळाला. ते जगभर गाजले. कमी गाजले ते हे की त्यांचे साहित्यच दहशतवादाच्या भीतीपायी त्यांच्या देशाच्या कस्टममध्ये अडकून पडले होते, आणि इतर संघांच्या मानाने फारच थोडे दिवस त्यांच्या हाती उरले. तोवर त्या घरच्या साहित्यावर हात चालवत बसल्या होत्या. धैर्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले. सर्वांना सारखी पेटी होती ना? होती. एकीच्या दारात पोचली, दुसरीच्या कस्टममध्ये पडून राहिली.

आणि घरी बनवलेले सर्किट हातात असणे हा काही लोकांच्या बाबतीत गुन्हाच ठरतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टेक्सासमधील आयर्व्हिंग येथे नववीत शिकणारा अहमद मोहम्मद हा सुदानी वंशाचा मुलगा घरी जुळवलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत घेऊन गेला. पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. बाँबचा बनाव केला असा संशय. पुढे आरोप ठेवले नाहीत, पण शाळेने तीन दिवस निलंबित केले. त्याच्या कुटुंबाने भरलेला दावा २०१८ मध्ये न्यायालयाने फेटाळला. दुकानातल्या घड्याळाचे भाग काढून त्याने फक्त दुसऱ्या पेटीत मांडले, अशी टीका झाली. असेल. घड्याळ उघडून पुन्हा मांडणे, हेच तर शिकण्याचे पहिले पाऊल असते. गोऱ्या घरातल्या मुलाने ते केले की त्याला भावी शास्त्रज्ञ म्हणतात.

वाचकहो, आम्हाला हे वाचताना मुंबईच्या कापडगिरण्या आठवल्या. गिरणीत अस्पृश्य कामगार होता, पण विणाई खात्यात नव्हता. विणाई खात्यात मजुरी जास्त. मग अस्पृश्याला तेथे बंदी का? धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून ओवावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. कोणत्या नियमपुस्तिकेत हे लिहिले होते? कोठेही नाही. रिवाज होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला आणि कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांना त्यावर बोलायला लावले. यंत्र तेच, हात तसेच, पण कोणत्या हाताने यंत्राच्या कोणत्या भागाला शिवायचे हे आधीच ठरलेले. आमच्या मुलीच्या बोर्डावर जात लिहिलेली नव्हती आणि तो बाद करणाऱ्याच्या मनात जात होती असा आरोप आम्ही करत नाही. पुरावा नसताना वकिलाने बोलू नये. पण कारण न देता 'शिवू नका' म्हणणाऱ्या नियमाकडे आपल्या समाजाने डोळे मिटून पाहता कामा नये, एवढे शिक्षण आपल्या इतिहासाने आपल्याला दिले आहे.

विजेशी बाबासाहेबांचे नाते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना वीज आणि पाटबंधाऱ्यांचे नियोजन त्यांच्याकडे होते. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. त्याच काळात, १९४२ मध्ये, व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. आपल्या पोरांनी कारकुनीवर समाधान मानू नये, विजेच्या आणि यंत्राच्या मुळाशी जावे, हे त्यामागचे धोरण होते. आज आपल्या वस्त्यांत वायरमन, फिटर, मोबाइल दुरुस्त करणारे तरुण गल्लीगल्लीत आहेत. मदरबोर्डवरचा मुंगीएवढा भाग हॉट एअरने काढून नवा बसवणारा पोरगा दहावी नापास म्हणून ओळखला जातो. त्याच्या हातातले ज्ञान कोणत्या स्पर्धेत मोजले जाते? 'फक्त किटमधले साहित्य' म्हणणाऱ्या स्पर्धेत तर नाहीच नाही.

आपल्याकडे याला चांगले अपवादही आहेत. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय दहीहंडीचा होता, २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यातच झाली. या स्पर्धेत यंत्र विद्यार्थ्यांनीच बनवायचे असते, सर्किटसुद्धा. त्यासाठी मुंबईची पोरे ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधत हिंडतात. त्या रस्त्याचे खरे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पाटीपुरते उरले आहे. रोबोकॉनच्या नियमांत आपत्कालीन बटणाची सक्ती आणि बॅटरीच्या व्होल्टेजला मर्यादा असते. म्हणजे धोका आवरला आणि हात मोकळे ठेवले. हे महाविद्यालयात जमते, मग पाच-नऊ व्होल्टवर चालणाऱ्या शाळेच्या गाडीत का जमू नये?

शाळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले. त्याखालील अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. दहा लाख उभारणीला, उरलेले पुढच्या वर्षांत चालवण्याला. दहा हजारांच्या घरात शाळांना ते मिळाले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. योजनेच्या नावातच 'टिंकरिंग', म्हणजे उघडून पाहणे, जुळवणे, बिघडवणे आणि पुन्हा जुळवणे आहे. जनतेच्या पैशाने मुलाला सोल्डरिंग आयर्न द्यायचे आणि स्पर्धेच्या दारात त्याला म्हणायचे, तू सोल्डर केलेले चालणार नाही, हे कोठले शहाणपण? ज्या स्पर्धा सरकारी अनुदानावर, सरकारी शाळांच्या आवारात होतात, त्यांच्या आयोजकांना 'आमचा खाजगी नियम' एवढे उत्तर देऊन सुटता येऊ नये. तेथे आम्ही कायद्याचीही भाषा बोलू.

मग नियम कसा असावा? आमचे मत स्पष्ट आहे. मूळ नियम परवानगीचा असावा. बंदी घालायची ती नाव घेऊन आणि कारण लिहून. थांबवण्याच्या बटणाच्या आणि मोटरच्या मधल्या वाटेत काही घालू नये, ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नये, दुसऱ्याच्या गाडीच्या लहरींत अडथळा आणू नये, एवढ्यावर शालेय स्पर्धा सुरक्षित राहते. पैसेवाल्याने बाहेरून सर्किट बनवून आणू नये याची भीती असेल तर पेटी सील करू नका, मुलाला तोंडी विचारा. हा प्रीसेट कशासाठी, हा आयसी काय करतो, ही तार कोठे जाते? ज्याने बनवले तो सांगेल. पंधरा मिनिटांची उलटतपासणी, याहून स्वस्त तपासणी आम्हाला ठाऊक नाही. सुट्या भागांच्या खर्चाला कमाल मर्यादा घाला आणि बिल लावायला सांगा. तपासनीसाने काही बाद केले तर कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या, आणि वर दाद मागायला एक माणूस नेमा. मुलांना हे सगळे अवघड जाईल म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी एकदा बोलून पाहावे.

त्या मुलीच्या वतीने आम्ही आयोजकांना पत्र पाठवले आहे. नुकसानभरपाई मागितलेली नाही. बोर्ड कोणत्या कारणाने बाद केला ते लेखी कळवावे, आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात नियमासोबत कारण छापावे, एवढीच विनंती आहे. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

दरम्यान, १४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांत वक्तृत्व, निबंध आणि सामान्यज्ञान स्पर्धा होतात. ज्या मंडळांना त्यात विज्ञान-यंत्र स्पर्धेची भर घालायची असेल त्यांच्यासाठी वरच्या धर्तीवर दोन पानी नियमांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी तो आमच्या कार्यालयातून न्यावा. तपासणीच्या टेबलावर मल्टिमीटर घेऊन बसायला आमचे ते वायरमन बांधव तयार आहेत, आणि सर्किटबद्दल तोंडी प्रश्न विचारायला त्यांची मुलगी.

जय भीम!